वृद्धांचा समाचार

शास्त्रपाठ : नहेम्या 2:11-18, प्रेषितांची कृत्ये 6:1-7, याकोब 1:27



यरुशलेमेतील मंडळीची संख्या वाढू लागली तेव्हा तिच्यात एक कुरकुर उठली. ती कोणत्याही गहन सिद्धांताविषयी नव्हती. ती विधवांच्या जेवणाविषयी होती. ग्रीक भाषा बोलणाऱ्या घराण्यांतील विधवांना रोजच्या वाटणीत कोणी विचारीत नाही, त्यांचे पान कोरडेच राहते, असे गाऱ्हाणे आले. अशा प्रसंगी पुढारी लोक काय करतात हे आपणांस ठाऊक आहे. कोणी म्हणतो, वाटणारे आपलीच माणसे आहेत, त्यांच्यावर संशय कशाला घ्यावा? कोणी म्हणतो, मंडळीची बेअब्रू होईल, गप्प बसा. प्रेषितांनी ह्यांतले काहीच केले नाही. त्यांनी सर्व शिष्यांस एकत्र बोलाविले, चांगल्या नावलौकिकाची सात माणसे पाहून काढावयास सांगितले, आणि ते काम त्यांच्या हाती सोपविले. त्या सातांची नावे वाचा : स्तेफन, फिलिप्प, नीकलाव आदिकरून ती सर्व ग्रीक नावे आहेत. म्हणजे ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या, बहुधा त्यांच्यातूनच देखरेख करणारे निवडले गेले. आणि ह्या वृत्तांताच्या शेवटी लूक सांगतो की देवाच्या वचनाचा प्रसार होत गेला. वाटणी नीट झाली आणि सुवार्ता वाढली, ह्या दोन गोष्टी त्याने एकमेकींना लागूनच लिहिल्या आहेत.

आता एका शब्दाकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. सात माणसे पाहून काढा असे जेथे म्हटले आहे, तेथे मूळ ग्रीक भाषेत एपिस्केप्तोमाय हे क्रियापद आहे. हेच क्रियापद याकोबाच्या पत्रात आहे, जेथे अनाथ व विधवा ह्यांच्या संकटात त्यांच्याकडे जाणे हा शुद्ध धर्माचा भाग म्हटला आहे. आणि हेच मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे, जेथे राजा आजाऱ्याकडे गेलेल्यांची वाखाणणी करितो. पाहणे, तपासणे, भेटीस जाणे आणि काळजी वाहणे हे चारही अर्थ त्या एका शब्दात सामावले आहेत. आपल्या मराठी भाषेतही असाच एक प्रयोग आहे : समाचार घेणे. आजाऱ्याचा समाचार घ्यावा असे आपण म्हणतो तेव्हा प्रेमाने विचारपूस करण्याचा अर्थ असतो. आणि कामचुकाराचा समाचार घेतला असे म्हणतो तेव्हा जाब विचारण्याचा. पवित्र शास्त्राच्या दृष्टीने ही दोन कामे वेगळी नाहीत. जो म्हाताऱ्या माणसाची प्रेमाने विचारपूस करील, त्याला त्याच्या ताटात काय पडते हेही विचारावेच लागेल.

हे आज सांगावयाचे कारण असे. आपल्या नाशिक जिल्ह्याच्या खेड्यांतून तरुण माणसे सातपूर व अंबड येथील कारखान्यांत कामास गेली, आणि मुंबई-आग्रा रस्त्यालगतच्या इंदिरानगरासारख्या वसाहतींत संसार थाटून राहिली. दोन खोल्यांचे घर, नवराबायको दोघेही कामावर, मुले शाळेत. गावाकडे आईबाप थकले. आई अंथरुणास खिळली, बापास दिसेनासे झाले. आपल्या देशात साठ वर्षांवरील माणसांची संख्या 2011 सालच्या जनगणनेतच दहा कोटींच्या वर गेली होती. म्हणून शहरांत वृद्धाश्रम निघाले. काही धर्मादाय, काही महिन्याचे पैसे घेऊन चालविलेले. आपल्या मंडळ्यांतील काही वडीलधारी माणसेही अशा ठिकाणी आहेत, आणि पुढे अधिक जातील. त्यांचे तेथे काय होते हे पाहण्याचे कर्तव्य कोणाचे, हा आजचा प्रश्न आहे.

प्रथम एका शंकेचे निरसन केले पाहिजे. पुष्कळांस वाटते की आईबापांस आश्रमात ठेवणे हेच पाप आहे, मग तेथली पाहणी करण्यात काय अर्थ? आम्ही असे म्हणत नाही. वधस्तंभावर असताना प्रभूने आपल्या आईस एका शिष्याच्या स्वाधीन केले आणि त्या घटकेपासून त्याने तिला आपल्या घरी ठेविले. ज्याला स्वतः सांभाळणे शक्य नाही त्याने योग्य हाती सोपविणे ह्यात दोष नाही. परंतु प्रभूने कुर्बान म्हणणाऱ्यांस जे कठोर शब्द ऐकविले तेही विसरू नये. ते लोक आईबापांच्या पोषणाचा पैसा देवाला वाहिला असे म्हणून मोकळे होत. आज कोणी कुर्बान म्हणत नाही. महिन्याचे पैसे पाठविले की आपले कर्तव्य संपले, असे म्हणतो. सोपविणे वेगळे आणि टाकणे वेगळे. सोपविणारा पुन्हा पुन्हा येऊन पाहतो; टाकणारा येत नाही. बाकी दोघांचे सर्व सारखेच दिसते.

सरकारचा कायदाही ह्या बाबतीत मुका नाही, आणि आपल्या उपदेशकांनी तो समजून घ्यावा. आपल्या राज्यात 1995 साली मातोश्री वृद्धाश्रमांची योजना निघाली. पुढे 2007 साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक ह्यांच्या पालनपोषणाचा कायदा झाला आणि महाराष्ट्राने 2010 साली त्याचे नियम केले. त्या कायद्याने थकलेल्या आईबापांस मुलांकडून अन्न, वस्त्र, निवारा व औषधपाणी मागण्याचा हक्क दिला. प्रांताधिकाऱ्याच्या दर्जाचा अधिकारी ज्याचा प्रमुख आहे अशा न्यायाधिकरणापुढे साधा अर्ज करता येतो. महिन्यास दहा हजार रुपयांपर्यंत पोटगी ठरविण्याची मर्यादा त्यात घातली. सांभाळण्याची जबाबदारी असून जो वृद्धास कायमचा टाकून देईल त्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली. निराधार वृद्धांसाठी प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान दीडशे माणसांची सोय असलेला आश्रम राज्याने उभारावा असेही त्यात म्हटले आहे. पण कायदा दारापर्यंत पोहोचतो. खाटेपर्यंत माणसानेच जावे लागते.

तर मग पाहणी कशी करावी? ह्याविषयी नहेम्या आपला गुरू आहे. यरुशलेमेस आल्यावर तीन दिवस तो काहीच बोलला नाही. मग रात्री उठला, थोडी माणसे बरोबर घेतली, आपला बेत कोणास सांगितला नाही, आणि पडलेल्या कोटाभोवती फिरला. ज्या वेशींतून तो गेला तीत उकिरड्याच्या वेशीचे नाव आहे. सरदारांस व अधिकाऱ्यांस तो कोठे गेला होता हे ठाऊकच नव्हते. ह्यात तीन बोध आहेत. एक, आगाऊ वर्दी देऊन जाऊ नये. वर्दी दिल्यावर चादरी पांढऱ्या होतात, माणसाची पाठ बरी होत नाही. दोन, दिवसाच जाऊ नये. संध्याकाळी, जेवणाच्या वेळी, सुटीच्या दिवशी जावे, कारण काळजीची उणीव रात्री दिसते, जेव्हा चाळीस माणसांमागे एकच आया जागी असते. तीन, उकिरड्याची वेस चुकवू नये. आलेल्यास आधी दिवाणखाना व देणगीदारांची नावे दाखवितात. आपण आधी शौचकूप पाहावे. जमीन ओली आहे काय? भिंतीस धरावयास दांडा आहे काय? रात्री दिवा असतो काय? म्हाताऱ्या माणसाचे एकदा मांडीचे हाड मोडले की पुष्कळदा ते पुन्हा आपल्या पायांवर पहिल्यासारखे चालत नाही, आणि त्या पडण्याचे कारण बहुधा ओली फरशी व काळोख इतके साधे असते.

मग खाटेजवळ जावे. पाण्याचे भांडे हात पुरेल असे ठेविले आहे की कोपऱ्यात? वय वाढले की तहान कमी लागते, पण शरीरास पाणी तितकेच लागते; म्हणून मागितले नाही तरी प्यावयास देणे हे सेवेचे काम आहे. जो आपण होऊन कूस बदलू शकत नाही त्यास सुमारे दोन-दोन तासांनी वळवावे लागते; नाहीतर टाच, कंबर व माकडहाड येथील कातडीस रक्त मिळत नाही, ती प्रथम लाल होते, मग फुटते, आणि जखम हाडापर्यंत जाते. म्हणून माणूस कसा आहे असे व्यवस्थापकास न विचारता, परवानगी घेऊन व आडोसा करून टाच पाहावी. वजन दरमहा करतात काय, आणि उतरत असेल तर कोणी कारण शोधले काय, हे विचारावे. औषध कोण देतो व कोठे लिहून ठेवतो? कोणास बांधून ठेविले आहे काय? झोपेचे औषध रोग्याच्या हितासाठी दिले जाते की राखणाऱ्याच्या सोयीसाठी? ज्याचे हात कापतात त्याच्यापुढे ताट ठेवून ते तसेच उचलून नेतात काय? चष्मा व दात ज्याचे त्याच्याजवळ आहेत काय? आणि त्यास नावाने हाक मारितात की खाटेच्या आकड्याने?

इतर देशांनीही हे धडे सहज शिकले नाहीत. पीटर टाउनसेंड नावाच्या समाजशास्त्रज्ञाने इंग्लंड व वेल्समधील 173 वृद्धगृहे स्वतः फिरून पाहिली आणि 1962 साली त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या नावाचा अर्थ शेवटचा आश्रय असा आहे. पुष्कळ वृद्ध अद्याप जुन्या दरिद्रालयांच्या इमारतींतच राहत होते, आणि भाकरी मिळत असली तरी एकांत, उद्योग व आप्तांचा सहवास ही त्यांची गेली होती, असे त्यास आढळले. तेथे 2009 सालापासून केअर क्वालिटी कमिशन नावाचे तपासणी मंडळ काम करू लागले. त्याने गृहांच्या पाहणीसाठी पाच प्रश्न ठरविले : येथे माणूस सुरक्षित आहे काय? सेवेचा खरोखर गुण येतो काय? सेवा करणारे मायाळू आहेत काय? ज्याची जशी गरज तशी सेवा मिळते काय? आणि कारभार नीट चालविला जातो काय? उत्कृष्ट, चांगले, सुधारणा हवी आणि अपुरे अशा चार श्रेणी दिल्या जातात, आणि मिळालेली श्रेणी येणाऱ्याजाणाऱ्यास दिसेल अशी लावावी असा नियम झाला. हे पाच प्रश्न आपल्या उपदेशकांनी पाठ करावे. ते परदेशातून आले म्हणून परके नव्हेत. यहेज्केलाच्या चौतिसाव्या अध्यायात देव मेंढपाळांचा झाडा घेतो तेव्हा असेच विचारतो : दुर्बळास बळ दिले काय, दुखणाइतास बरे केले काय, जखम बांधली काय, हरवलेल्यास शोधले काय.

ह्या पाचांत चौथा प्रश्न आपल्याकडे सर्वांत अधिक विसरला जातो. दावीद राजाने ऐंशी वर्षांच्या बर्जिल्लयास म्हटले, माझ्याबरोबर यरुशलेमेस चल, मी तुला सांभाळीन. ह्याहून चांगली सोय कोणती? पण म्हाताऱ्याने उत्तर दिले की मला आता अन्नाची चव कळत नाही, गाणे ऐकू येत नाही, मला माझ्या गावी, आईबापांच्या कबरेजवळ मरू द्या. राजाने हट्ट धरिला नाही. त्याचे चुंबन घेऊन त्यास आशीर्वाद दिला व जाऊ दिले. म्हातारे झाले म्हणून माणसाची इच्छा मरत नाही. कोणत्या वेळी उठावे, चहा गोड घ्यावा की कमी, उपासनेस कोठे जावे, मातीस कोठे द्यावे, हे ज्याचे त्यास विचारिले पाहिजे. जेथे सर्व स्वच्छ आहे पण कोणास काही विचारीत नाहीत, ते कोठार होय, घर नव्हे.

पाहणी करणाराने आणखी एक गोष्ट जाणावी : म्हातारे माणूस लवकर तक्रार करीत नाही. ज्याच्या हातून पाणी प्यावयाचे त्याच्याविरुद्ध बोलून रात्र कशी काढावी, ही त्यास भीती असते. आणि मुलगा आला तर त्यास वाईट वाटू नये म्हणून ते म्हणते, माझे बरे चालले आहे. म्हणून व्यवस्थापकासमोर विचारू नये. जवळ बसावे, हात हातात घ्यावा, घाई करू नये. एका भेटीत काही कळत नाही. तिसऱ्या भेटीत कळते. तसेच आयाबाईशीही बोलावे. तिच्याकडे किती माणसे आहेत, तिला पगार वेळेवर मिळतो काय, तिला कोणी शिकविले आहे काय? पुष्कळदा ज्या हातास आपण निर्दय म्हणतो तो हात केवळ थकलेला असतो, आणि दोष त्या बाईचा नसून तिच्यावर दोन बायकांचे काम लादणाराचा असतो. जेथे चांगले दिसेल तेथे मोकळ्या मनाने तसे सांगावे. कारण ह्या कामात शाबासकी फारच थोड्या वेळा मिळते.

कोणी म्हणेल, हा आश्रम तर आपल्याच लोकांचा आहे, देवाच्या नावाने चालतो. तेथे तपासणी कशाला? आम्ही उत्तर देतो की तेथे दुप्पट पाहिजे. करिंथकरांस लिहिताना पौल सांगतो की गरिबांसाठी जमलेल्या पैशाची ने-आण करिताना कोणी आम्हांवर बोट ठेवू नये म्हणून आम्ही सोबती घेतले. कारण आमचा व्यवहार प्रभूपुढेच नव्हे तर माणसांपुढेही नीट दिसावा. पौलास झडतीची लाज वाटली नाही. मग आपल्या संस्थांस का वाटावी? ह्याच नाशकात 1854 च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीच्या प्राइस साहेबांनी शरणपूर वसविले. तेथे अनाथ मुलांस आणि गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकी जनांस आसरा मिळाला. शरणपूर हे नाव सुंदर आहे. परंतु नावाने कोणतेही ठिकाण शरणस्थान होत नाही. दारावर शांती, कृपा किंवा प्रेम असे शब्द लिहिणे सोपे आहे; आत निजलेल्या माणसास रात्री दोन वाजता हाक मारल्यावर कोण येते, ह्यावरून ते नाव खरे की खोटे ते ठरते.

ज्यास वाईट दिसेल त्याने काय करावे? प्रथम शांतपणे व्यवस्थापकास सांगावे, तारीख घालून लिहून द्यावे, आणि सुधारण्यास मुदत द्यावी. मुदत संपल्यावर पुन्हा जावे. सुधारले नाही तर नातलगांस, विश्वस्तांस व जिल्ह्याच्या समाजकल्याण अधिकाऱ्यांस कळवावे. मारहाण, उपासमार किंवा कोंडून ठेवणे दिसले तर मुदत देत बसू नये. त्याच दिवशी पोलिसांकडे जावे. 14567 ह्या क्रमांकावर ज्येष्ठ नागरिकांसाठी फुकट दूरध्वनीची सोय 2021 साली देशभर झाली. तो आकडा मंदिराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा. गावात चहाच्या वेळी ती गोष्ट चघळणे आणि तेथे काहीच न करणे, हा मात्र समाचार घेणे नव्हे.

आता एक कठीण गोष्ट सांगावयाची आहे, कारण ती सांगितल्यावाचून हा उपदेश अर्धा राहील. शहरातल्या आश्रमाचा झाडा घ्यावयास निघण्यापूर्वी आपण आपल्या ओसरीचा झाडा घेऊ या. आपल्या खेड्यांत म्हातारी माणसे घरातच असतात, ह्याचा आपणांस अभिमान वाटतो. पण गोठ्याशेजारच्या पडवीत जी खाट आहे तिच्याजवळ पाण्याचे भांडे आहे काय? सर्व शेतावर गेल्यावर तिच्यावरची आजी दुपारपर्यंत ओल्या लुगड्यात पडून असते काय? तिला ऐकू येत नाही म्हणून कोणी तिच्याशी बोलावयाचेच सोडून दिले आहे काय? तिच्या निराधार पेन्शनचे पैसे कोण उचलतो व त्यातून तिला काय मिळते? तेच पाच प्रश्न येथेही लागू आहेत; फरक इतकाच की येथे श्रेणी लावावयास दारावर पाटी नाही. पौल तीमथ्यास लिहितो की जो आपल्या घरच्यांची तरतूद करीत नाही त्याने विश्वास नाकारला आहे. त्याने आश्रमाचा किंवा घराचा भेद केला नाही.

म्हणून आमची विनंती अशी. प्रत्येक मंडळीने प्रेषितांच्या रीतीप्रमाणे चांगल्या नावाची माणसे निवडावी. सात नसतील तर तीन, पण त्यांत निदान एक बाई असावी, कारण म्हाताऱ्या बाईचे दुखणे बाईच पाहू शकते, आणि एक जण स्वतः वृद्ध असावा. मंडळीतील साठीपुढील प्रत्येक माणसाचे नाव त्यांनी वहीत लिहावे : कोण घरी आहे, कोण नाशिकास मुलाकडे आहे, कोण कोणत्या आश्रमात आहे. महिन्यातून एकदा प्रत्येकाची भेट घ्यावी. इंदिरानगरात किंवा शहरात जी आपली मुले राहतात त्यांनी आपल्या जवळच्या आश्रमाचा भार उचलावा, आणि ज्यास भेटावयास कोणीच येत नाही अशा माणसाकडे, मग ते कोणत्याही धर्माचे असो, आधी जावे. कारण ज्याच्याकडे पाहुणा येतो त्याच्या ताटाकडे वाढणारा लक्ष देतो. ज्याच्याकडे कोणी येत नाही त्याचे ताट कोण पाहणार?

बंधूंनो, पेत्राने आपल्या पहिल्या पत्रात प्रभू येशूस आपल्या जिवांचा मेंढपाळ आणि एपिस्कोपोस म्हटले आहे, म्हणजे देखरेख करणारा. तो शब्द ह्याच कुळातला आहे, ज्याविषयी आम्ही आरंभी बोललो. जखऱ्याने आपल्या स्तोत्रात देवाने आपल्या लोकांकडे लक्ष दिले असे म्हटले तेव्हाही तोच शब्द आहे. देवाने दुरून पैसे पाठवून आपले तारण केले नाही. तो स्वतः आला, त्याने आपल्या जखमा पाहिल्या, आणि आपले हात घाण करून घेतले. ज्यांचा असा समाचार घेतला गेला आहे त्यांनी इतरांचा घ्यावा. आणि पेत्रास प्रभूने सांगितले होते की तू म्हातारा होशील तेव्हा हात पुढे करशील आणि दुसरा तुझी कंबर बांधील. तो दिवस आपणां प्रत्येकावर येणार आहे. त्या दिवशी कोणते हात आपली कंबर बांधतील, हे आज आपण कोणाच्या खाटेजवळ जातो ह्यावर पुष्कळ अवलंबून आहे. कारण आपली मुले आपले बोलणे थोडे ऐकतात, पण आपण कोठे जातो हे ती नित्य पाहत असतात.

आपणांस म्हातारपणापर्यंत वाहून नेणारा देव, थकलेल्यांस धीर देवो आणि आपणांस त्यांच्या दारी नेवो. आमेन.